दोन विटांवरचा कडप्पा

आंघोळीला जाताना मी यांना पाढे म्हणायला बसवते. मोठ्याने. बाथरूमच्या दाराशी खुर्ची ठेवते, दार पूर्ण लावत नाही, आणि म्हणते, "अहो, तेराचा म्हणा बघू, मला आठवत नाहीये." की हे शाळेत मास्तरांपुढे बसावं तसे ताठ बसतात आणि सुरू. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. नातीचं नाव आता धड आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण पाढे असे की मध्ये श्वासाला थांबणार नाहीत. जोवर आवाज येतोय तोवर माणूस खुर्चीत आहे, एवढं मला कळतं. आवाज थांबला की माझ्या हातातला मग हवेत थांबतो.

हे सगळं कशापायी, तर आमच्या बिल्डिंगच्या दिसण्यापायी. आता तुम्ही म्हणाल, बिल्डिंगच्या दिसण्याचा आणि म्हातारीच्या आंघोळीचा काय संबंध? सांगते.

आमची जुनी बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, तीन मजल्यांची. आम्ही तळमजल्यावर. मी लग्न होऊन तिथेच आले. बिल्डिंग दिसायला कशी होती म्हणाल तर, खरं सांगायचं, ध्यान होती. ज्याला जसं वाटेल तसं त्याने ग्रिल बसवलेलं. एकाचं पांढरं, एकाचं हिरवं, एकाने गॅलरी बाहेर ओढून पिंजराच केला होता आणि त्यात फुटकी बादली, मोडकी सायकल, गेल्या गणपतीचं मखर असं सगळं कोंबलेलं. एकाने तर आपल्या वाट्याची भिंत गुलाबी रंगवली. एकदा वरच्या पिंजऱ्यातली कुंडी सुटली ती दूधवाल्याच्या सायकलीच्या कॅरियरवर. तो बिचारा तेव्हा आमच्या दारात दूध मोजत होता म्हणून वाचला. तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडले होते, "ह्या लोकांना काही नियम पाहिजेत की नकोत?"

तर नियम मला हवेच होते. ते नीट लक्षात ठेवा.

मग रिडेव्हलपमेंट आली. दोन वर्षांचं म्हणून भाड्याच्या घरात गेलो, तिथे चार वर्षं काढली. यांचं विसरणं तिथेच वाढलं. आधी चष्मा, मग किल्ली, मग एक दिवस जिना. डॉक्टर म्हणाले, "जागा बदलली की असं वाढतं. नव्या घरात गेलात की शक्य तितक्या जुन्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवा."

बिल्डिंग पाडायच्या आधी सगळ्यांनी काही ना काही आठवण म्हणून उचललं होतं. कोणी दाराची कडी, कोणी नावाची पाटी. आमच्या मुलाने गॅलरीतला कडप्पा उचलला. काळा, हातभर रुंद, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. त्याचीही एक गंमत होती. तळमजला म्हणून आमच्या गॅलरीला ग्रिल होतं, पण यांनी त्या ग्रिलला खिडकीएवढं दार करून घेतलेलं. आत दोन विटांवर हा कडप्पा. सकाळी आंघोळ झाली की हे परडी घेऊन कडप्प्यावर पाय ठेवणार, ग्रिलचं दार ढकलणार, कठड्यावरून पलीकडे पाय टाकणार की थेट जास्वंदीपाशी. दारातून फेरा घालून कधी गेले नाहीत. "दारातून पाहुणे जातात," म्हणायचे. जास्वंद, तगर, दोन दुर्वा, आणि परत तसेच आत. पाऊस असो की ताप असो. सगळा जन्म.

नवी बिल्डिंग तयार झाली आणि आम्हाला बारावा मजला आला. काय दिसते म्हणून सांगू! राखाडी आणि पांढरी, सगळ्या गॅलऱ्या एका ओळीत, कठडे नुसत्या काचेचे. गॅलरीही म्हणायचं नाही हो, डेक म्हणायचं. रस्त्याने जाणारे माना वर करून बघायचे. मीही बघायची. ताब्यात देण्याआधीच्या मीटिंगमध्ये नियम वाचून दाखवले. बाहेरून दिसेल असं ग्रिल लावायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, कुंड्या ठेवायच्या नाहीत, रंग बदलायचा नाही. वाचत होती आमची सेक्रेटरी. ही माझी जुनी मैत्रीण, जुन्या बिल्डिंगमध्ये आमच्या बरोब्बर डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर राहायची. नियम संपले तसा मी हात वर केला. सगळ्यांनीच केला. इतकं देखणं झालंय तर ठेवूया ना देखणं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून सुनेने घर लावताना जुन्या वस्तू शोधून शोधून मांडल्या. यांची खुर्ची, ते घड्याळ, तोच देव्हारा. आणि गॅलरीत काचेच्या कठड्याला लागून दोन विटा, त्यावर तो कडप्पा, त्यावर तुळशीची कुंडी. "बाबांना ओळखीचं वाटेल," म्हणाली. गुणाची आहे पोर. हे तुळशीला पाणी घालायचे, हात जोडायचे, आत यायचे. पंधरवडाभर किती बरं चाललं होतं.

मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. रस्त्यावरून काढलेला, आमच्या गॅलरीभोवती लाल गोल. काचेतून कुंडी दिसते म्हणे. मुलगा आधी वैतागला, पण मीच म्हटलं, "अरे, नियम तो नियम. आपणच हात वर केला होता." त्याने कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली. कडप्पा तिथेच राहिला. तो कोण उचलणार? शिवाय काळा आणि बुटका, काचेखालच्या सिमेंटच्या पट्टीमागे लपलेला. बाहेरून दिसतच नव्हता, तेव्हा त्याच्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

त्यानंतर दोन-चार दिवसांनीच असेल. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मी ओट्याशी उभी, दूध तापत होतं. ओट्यापाशी उभं राहिलं की जेवायच्या टेबलापलीकडे गॅलरीचा वरचा अर्धा भाग दिसतो. सहज मान वळवली. हे गॅलरीत होते. मला काय दिसलं, तर हे फार उंच दिसले. कठडा एरवी यांच्या पोटाशी येतो, तो मांड्यांशी होता. एका हातात परडी. दुसरा हात पुढे काढून हवेत काहीतरी ढकलत होते.

ओरडायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण कळलं. ओरडले असते तर ते दचकले असते. रोजच्या आवाजात म्हटलं, "अहो, चहा गार होतोय हं."

"आलो गं," म्हणाले, आणि आले. परडी टेबलावर ठेवून चहाची वाट बघत बसले. दूध उतू जाऊन सगळ्या ओट्यावर पसरलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले.

"काय झालं गं?" हे विचारतात.

"काही नाही. दूध गेलं."

"मग परत तापव की. एवढं काय!"

त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात राहायलाच आली. गॅलरीचं सरकतं दार बंद ठेवायला लागलो. त्याची कडी म्हणजे एक बटण, ते यांना दोन दिवसांत जमलं. मुलाने वरून दोरी बांधली. तर हे काच धरून हलवायचे, "अगं, दार अडकलंय, फुलं काढायची राहिलीत." मला तोंड वर करून बघवायचं नाही. दुपारी डोळा लागला की दचकून उठायची, आधी खुर्ची बघायची, मग काच. खाली भाजीला गेले तर परत येताना रस्त्यातच थांबून मजले मोजायची आणि आमच्या काचेमागे पांढरा सदरा दिसतो का ते बघायची. लोकांना वाटायचं, म्हातारी कौतुकाने बिल्डिंग बघतेय. एकदा एक बाई शेजारी उभी राहून म्हणाली, "छान आहे ना? हॉटेलसारखी वाटते." मी हो म्हटलं. आणि परत पहिल्यापासून मजले मोजायला लागले.

मला वाटायचं, सगळा दोष त्या कठड्याचा. काच, त्यात बुटकी. ग्रिल पाहिजे. सेक्रेटरीला फोन केला, तर म्हणाली, "फोनवर नको, घरी येते."

आली. दारातून आत शिरता शिरताच सुरू झाली. "हे बघ, तुला दिली परवानगी तर उद्या सोळाव्यावाला पिंजरा करील, परवा कोणी पत्रे ठोकील. वाट लागेल बिल्डिंगची. विसरलीस कुंडी पडली होती ती?"

"कुंडी पडली होती गं," मी म्हटलं, "इथे माणूस पडायची वेळ आलीय."

"मग दार बंद ठेव."

"दार बंद ठेव! तू ठेवून बघ तुझ्या नवऱ्याला चोवीस तास बंद."

"माझा सुटला केव्हाच," ती म्हणाली. तिचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मग स्वतःच हसली. "चिडू नकोस. मी नाही म्हणते तेही तुमच्याच सगळ्यांच्या शिव्या खाऊन म्हणते ना? मला काय त्या काचेचं लग्न लावायचंय? दाखव किती उंच आहे तो कठडा."

मी दोरी सोडली, दार सरकवलं, तिला बाहेर नेलं. तिने काचेला कंबर लावून बघितली. वारा होता, कांजूरच्या कचरा डेपोचा वास घेऊन आलेला. "खाली कधी एवढा यायचा नाही गं हा वास," म्हणाली. "बाकी कठडा नियमाप्रमाणे आहे. उभा माणूस नाही पडायचा इथून."

"अगं, मी डोळ्यांनी बघितलंय."

असं भांडत भांडत आम्ही आत येऊन बसलो. भांडणाच्या नादात दार तसंच उघडं राहिलं. माझी पाठ गॅलरीकडे, ती माझ्यासमोर. मी तिला सांगत होते की निदान त्या बारीक तारा तरी लावू द्या, हल्ली पुष्कळ ठिकाणी लावतात, लांबून दिसत नाहीत. बोलता बोलता तिचा चेहरा बघितला. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

मी वळले. हे परडी घेऊन गॅलरीत. देवघराकडून कधी गेले कळलंच नाही. एक पाय वर ठेवलेला, दुसरा उचलला, तोही वर. काच मांडीपर्यंत. आणि हात पुढे काढून ते ग्रिलचं दार ढकलत होते. तिथे ग्रिल नव्हतं. यांना वाटत असणार, आज दार कोणीतरी आधीच उघडून ठेवलंय.

"अहो, चहा," मी म्हटलं. आवाज फुटला नाही. परत म्हटलं. ऐकलं नाही त्यांनी. परडीचा हात काचेपलीकडे गेला. एक गुडघा वर आला.

मी उठायला गेले तर पाय हलेना. तुम्हाला खोटं वाटेल, पण नाही हलला.

आणि तेवढ्यात ही माझी मैत्रीण, बसल्या जागेवरून, अगदी पूर्वीच्या सुरात म्हणाली, "भाऊजीऽ, माझी फुलं?"

जुन्या घरी ही रोज दुसऱ्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची आणि हीच हाक मारायची. हे जास्वंदीपाशी असोत की परत कठड्यावर चढलेले असोत, थांबायचे, मान वर करायचे आणि तिच्या टोपलीत चार फुलं टाकायचे. तिची फुलं दिल्याशिवाय आमच्या देवांना फुलं मिळायची नाहीत.

हे थांबले. मान वर केली, आकाशाकडे. टोपली शोधली असेल. नाही दिसली. मग आवाज कुठून आला म्हणून मागे वळले.

"इकडे आहे मी भाऊजी," ती म्हणाली. आवाजात काडीचाही थरकाप नाही. "आज टोपली नाही आणली. हातात द्या."

पाय खाली आला. मग दुसरा. हे तिच्यापाशी आले आणि रिकामी परडी तिच्यापुढे धरली. "आज कमी आहेत हं वहिनी," म्हणाले. "पावसाने झडली."

"असू देत. पुरेत," ती म्हणाली, आणि ओंजळ पुढे केली. यांनी परडीतून काहीच उचललं नाही आणि ते काहीच तिच्या ओंजळीत ठेवलं. तिने ओंजळ मिटली. मग मात्र ती जी रडायला लागली, ती मला आवरेना.

यांना खुर्चीत बसवलं, दार लावलं, दोरी बांधली. ती डोळे पुसत काचेतून बाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "अगं ए, तो कडप्पा कुठला?"

"कुठला म्हणजे? आपला जुना. तळमजल्याचा."

"दोन विटांवर?"

"हो. तुळस होती ना त्यावर. ती काढा म्हणून तुमचाच फोटो..."

तिथे मी थांबले. रोज मी त्या कठड्याकडे बघत होते, काचेकडे बघत होते, यांचं डोकं किती वर दिसतंय ते बघत होते. पायाखाली काय आहे ते बघितलंच नव्हतं. जन्मभर जी वस्तू तिथेच बघितली ती दिसत नाही हो, ती असतेच. तुळस होती तोवर यांना पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही नियम पाळला आणि पायरी मोकळी करून दिली.

आम्ही दोघींनी मिळून तो कडप्पा ओढत आत आणला. दोघींचे गुडघे गेलेले, दोघी कण्हतोय, आणि हे खुर्चीतून सांगतायत, "जपून, कोपरा उडेल." तो आता माझ्या पलंगाखाली आहे. विटा तिने स्वतः पिशवीत घालून खाली नेल्या.

पुढच्या मीटिंगला मी गेले. बोलता येत नाही मला चारचौघांत, घरात कितीही बडबड केली तरी. ती बोलली. तिने फक्त झालं ते सांगितलं, स्वतःचं रडणं वगळून. नवे फ्लॅट विकत घेऊन आलेल्यांतला एक तरुण म्हणाला, "काकू, मला वाईट वाटतं, खरंच. पण आम्ही बिल्डिंगचं एलेव्हेशन, हे बाहेरचं रूप, बघून घर घेतलं ना? एकाने तारा लावल्या की उद्या सगळे लावणार."

"लावू देत की," जुन्यांपैकी कोणीतरी मागून म्हणालं. "तुझी पोरगी रांगायला लागली की तूच पहिला लावशील."

"रांगतेच आहे," तो म्हणाला. "माझी बायको तिला गॅलरीत नेतच नाही."

बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी ठरलं ते असं, की बाहेरच्या कडेला काही नाही, पण दाराच्या आतल्या बाजूला ज्याला पाहिजे त्याने जाळीचं दार करावं. म्हणजे रस्त्यावरून काही दिसणार नाही. मी कुठे आडमुठेपणा केला? मला अजूनही वाटतं, बिल्डिंग नीटनेटकी दिसावी, कुणी गुलाबी रंग फासू नये. फक्त नियम वाचला जात होता तेव्हा आम्ही सगळे जणू रस्त्यावर उभे राहून विचार करत होतो. घरात कोण कोण आहे, त्यांचा पाय कुठे पडतो, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर त्यांच्याबरोबर जन्म काढलेली.

जाळीचं दार बसलं. भक्कम आहे, कडी उंचावर आहे. हे सकाळी परडी घेऊन तिथे जातात, ती जाळी हाताने चाचपतात, आणि त्यांना काय वाटतं कोण जाणे, पण जरा शांत होतात. ग्रिल आहे म्हणजे घर आहे, असं असेल. मैत्रीण आठवड्यातून दोनदा फुलं आणते आणि ती यांच्या परडीत टाकते. मग हे त्यातली चार तिला परत देतात.

पण भीती गेली असं म्हणाल तर नाही. बेडरूमची खिडकी आहे. जिन्याचं दार आहे. लिफ्ट आहे. आणि बटणाची कडी जमली तशी एक दिवस हीही जमेल. खालून येताना मी अजून मजले मोजते. सगळ्या काचा कशा एकसारख्या, गुळगुळीत, उन्हात चमकणाऱ्या. त्यांच्यामागे अजून कोणाच्या घरी कोण खुर्ची धरून बसलंय, ते खालून कळत नाही.

आजचीच गोष्ट. पाणी अंगावर घेतलं होतं. बाहेरून आवाज नीट येत होता. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्याण्णव, तेरा आठे...

आणि थांबला.

मी हातातला मग धरून तशीच उभी. नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. खुर्ची करकरली का? पाऊल वाजलं का? काही नाही. पाणी केसांतून डोळ्यांत येत होतं, पुसायचं भान नव्हतं. टॉवेल कुठे आहे ते सुचेना. शेवटी अडलेला आकडा, एकशे चार, मीच जिवाच्या आकांताने ओरडले, "चारोदरसेऽ!"

दाराच्या फटीशी कान नेला.

"माहितीये मला," हे चिडून म्हणाले, दाराच्या अगदी जवळून. "तेरा नव्वे सतरोदरसे. तू आंघोळ कर."